भिंत, वेस आणि नगारा: शीआन, कायफंग, बीजिंग सात दिवसांत

चीनमधलं जुनं शहर बघायला गेलेली माणसं बहुतेक वेळ राजवाड्यात घालवतात. शहराचा इतिहास मात्र राजवाड्याबाहेर जास्त सापडतो: तटाच्या लांबीत, वेशींच्या नावांत, दोन गल्ल्यांमधल्या अंतरात आणि रात्री दार कितव्या ठोक्याला बंद व्हायचं यात. तिथं आधी आखणी व्हायची, मग वस्ती. राज्यकर्त्यांनी चौकटी आखून माणसं त्यांत बसवली आणि माणसांनी पुढची हजार वर्षं त्या चौकटींना दारं पाडली. शीआन, कायफंग, बीजिंग या क्रमानं गेलं की हे पायांना कळत जातं. बीजिंगपासून सुरुवात केली तर धागा हाती येत नाही, म्हणून विमान शीआनचं घ्या.

सुरुवात शनिवारी करा. शीआनचं छोट्या पॅगोडापाशी असलेलं संग्रहालय मंगळवारी बंद असतं, बीजिंगचा राजवाडा आणि बरीच संग्रहालयं सोमवारी. शनिवारी निघालं की कुठलंच दार बंद सापडत नाही. १ ते ७ ऑक्टोबर, मे महिन्याचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्ष टाळा. पासपोर्ट रोज खिशात हवा. रेल्वे आणि मोठी संग्रहालयं यांची तिकिटं त्याच्या नंबरवरच निघतात. नकाशासाठी गाओद हे चिनी ॲप घ्या. चीनमधले नकाशे मुद्दाम सरकवलेल्या अक्षांश-रेखांशांवर चालतात, त्यामुळे बाहेरच्या ॲपवर तुमचा निळा ठिपका शंभर ते पाचशे मीटर भलतीकडे दिसतो. मोठ्या चौकात हे चालून जातं, हुतोंगात, म्हणजे बीजिंगच्या अरुंद गल्ल्यांत, नाही. ठिकाणांची नावं चिनी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा.

पहिला दिवस, शनिवार. शीआन: तटावर

मेट्रोच्या २ नंबर मार्गावर योंगनिंगमन स्टेशनला उतरा आणि दक्षिण वेशीतून तटावर चढा. हा तट मिंग राजवटीच्या सुरुवातीचा, १३७० ते १३७८ या काळात बांधलेला. घेर १३.७४ किलोमीटर, उंची १२ मीटर, माथ्याची रुंदी १२ ते १४ मीटर. वर सायकली भाड्यानं मिळतात. रमतगमत पूर्ण फेरीला दोन तास धरा. पाऊस पडला की सायकली बंद होतात आणि उन्हाळ्यात माथ्यावर सावलीचा पत्ता नसतो, तेव्हा सकाळी आठच्या सुमारास चढावं. फरशी खडबडीत आहे; पुढचं चाक विटांच्या सांध्यात अडकतं, म्हणून एका हातानं फोटो काढत सायकल चालवू नका.

हा तट मुळात मातीचा आहे. लाकडी फळ्यांचा साचा लावायचा, त्यात ओलसर माती थराथरानं टाकायची, प्रत्येक थर धुमसानं ठोकून दाबायचा, मग साचा वर सरकवायचा. बाहेरचं विटांचं कवच १५६८ मध्ये चढलं. अशा भिंतीचा खरा शत्रू पाणी. विटांच्या फटीतून ते आत मुरलं की मातीचा गाभा फुगतो आणि कवचाचा पापुद्रा सुटतो. म्हणून माथ्याला शहराच्या बाजूला उतार दिलेला आहे आणि आतल्या अंगाला ठरावीक अंतरावर पन्हळी आहेत. सायकल थांबवून एखादी पन्हळ वरून वाकून बघा. पाणी भिंतीच्या अंगाला न लागता खाली कसं जातं ते लगेच कळतं.

दर १२० मीटरला तट बाहेर चौकोनी पुढे येतो. असे ९८ बुरूज आहेत. बाणाचा नेमका पल्ला ६० मीटर धरला की दोन बुरुजांमधली सगळी जागा दोन्हीकडून माऱ्यात येते. वेशीपाशी एकच दार नसतं. पुढे आणखी तट घालून बंद चौक केलेला असतो. शत्रू पहिलं दार फोडून आत आला की चारही बाजूंनी वरून मार खातो. दक्षिण वेशीत हा चौक धडधाकट उभा आहे.

आता या तटाबद्दलची एक गफलत. तो पाहून लोकांना वाटतं की तांग राजवटीचं जगप्रसिद्ध छांग-आन ते हेच. छांग-आन याच्या सातपट होतं, ८४ चौरस किलोमीटर. मिंग तटाच्या दक्षिण आणि पश्चिम बाजू तांग काळच्या फक्त कचेऱ्यांच्या आवाराच्या रेषेवर उभ्या आहेत. ९०४ मध्ये चू वन या सरदारानं सम्राटाला पूर्वेकडे हलवलं, राजवाडे मोडले आणि त्यांचं लाकूड वेई नदीत तराफे करून वाहवत नेलं. उरलेल्या वस्तीला पुरेल एवढाच तुकडा मग पुन्हा तटबंद झाला. तटावरून दक्षिणेला बघा: क्षितिजाजवळच्या उंच इमारतींपर्यंतचं सगळं त्या जुन्या शहरात होतं.

दुपारी उतरून घंटाघराकडे जा. ते १३८४ मध्ये बांधलं गेलं आणि १५८२ मध्ये उचलून आजच्या चौकात आणलं, कारण शहर पूर्वेकडे वाढलं होतं आणि मध्य सरकला होता. जवळचं नगारघर १३८० चं. त्याच्या कमानीतून मुस्लिम मोहल्ल्यात शिरता येतं. मुख्य रस्त्यावर गर्दी फार, दोन गल्ल्या आत गेलात की खरी वस्ती लागते. तिथली मोठी मशीद चुकवू नका. छपरं, अंगणं, कमानी सगळं चिनी मंदिरासारखं, पण रांग दक्षिणोत्तर नसून पूर्व-पश्चिम, कारण नमाजाची दिशा पश्चिम. ज्या शहरात प्रत्येक महत्त्वाची इमारत दक्षिणेला तोंड करते, तिथं हा एक काटकोन डोळ्यांत भरतो. शाकाहारी असाल तर लियांगफी मागा: पिठाच्या सत्त्वाच्या थंड पट्ट्या, व्हिनेगर आणि मिरचीचं तेल. ‘वो ची सू’, म्हणजे मी शाकाहारी, हे शब्द पाठ असू द्या.

दुसरा दिवस, रविवार. शीआन: नसलेलं शहर

आज बघायचं शहर जमिनीवर जवळजवळ दिसत नाही, तरी या सहलीतला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच. आदल्या रात्री थोडा अभ्यास करून ठेवा.

स्वी राजवटीनं ५८२ मध्ये नवी राजधानी आखायला घेतली; तीच पुढे तांगांचं छांग-आन. वायव्येकडच्या जुन्या हान राजधानीत विहिरींचं पाणी खारट झालं होतं, हे एक मोठं कारण. आखणीकार युवन काय. नऊ-दहा महिन्यांत सम्राट राहायला आला. शहर पूर्व-पश्चिम ९.७ किलोमीटर, दक्षिणोत्तर ८.६. उत्तरेला मध्यभागी राजवाडा, त्याच्या दक्षिणेला कचेऱ्या, आणि उरलेल्या जागेत शंभराहून जास्त फांग. फांगला आपल्याकडे ‘पेठ’ म्हणता येईल, पण भिंतींची पेठ. प्रत्येक फांगभोवती मातीची भिंत, लहान फांगला दोन दारं, मोठ्याला चार. छोटा फांग साधारण अर्धा किलोमीटर चौरस, मोठे एक किलोमीटरपर्यंत लांब. तिसऱ्या श्रेणीवरच्या अधिकाऱ्यांना आणि काही मंदिरांना सोडून कुणालाही मोठ्या रस्त्यावर दार काढायची मुभा नव्हती. मोठ्या रस्त्यांवरून चालताना त्यामुळे दुकानं नाहीत, खिडक्या नाहीत. दोन्ही बाजूंना भिंत, पाण्याचा चर आणि झाडांची रांग एवढंच दिसायचं. मधला चूच्वे रस्ता सुमारे १५० मीटर रुंद होता.

शहर चालायचं नगाऱ्यावर. दिवस मावळला की राजवाड्याच्या वेशीवर ४०० ठोके पडायचे आणि वेस बंद व्हायची. मग आणखी ६०० ठोके, आणि तेवढ्यात सगळ्या पेठांची दारं बंद. त्यानंतर मोठ्या रस्त्यावर सापडणाऱ्याला २० फटके. आजारपण, बाळंतपण, मयत किंवा सरकारी काम असेल तर परवान्याची चिठ्ठी मिळे. दर दोन सेकंदाला एक ठोका धरला तर ६०० ठोक्यांना वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटांत माणूस दीड किलोमीटर चालतो आणि शहर पावणेदहा किलोमीटर रुंद. म्हणजे संध्याकाळच्या तासाभरात सगळं शहर घराच्या दिशेनं चालत असणार. पेठेच्या आत मात्र रात्री फिरायला बंदी नव्हती. कंदिलांच्या सणाला तीन रात्री ही बंदी उठायची. त्या रात्रींचं एवढं कौतुक का, ते या हिशेबावरून समजतं.

सकाळी पश्चिम बाजाराच्या संग्रहालयात जा. ते मूळ जागेवरच आहे. बाजार दोनच होते, पूर्व आणि पश्चिम, प्रत्येकी साधारण एक किलोमीटर चौरस, आत दोन उभे दोन आडवे रस्ते, म्हणजे नऊ खण. बाजार भर दुपारी ३०० नगारे वाजवून उघडायचा आणि सूर्यास्ताआधी सात ‘ख’ ३०० टोल देऊन उठायचा. दिवसाचे शंभर ख, म्हणजे एक ख सव्वाचौदा मिनिटांहून किंचित जास्त. बाजार मावळतीच्या पावणेदोन तास आधी रिकामा. संग्रहालयात काचेच्या जमिनीखाली बाजारातला चौक उघडा ठेवला आहे. तिथं घाई करू नका. मातीत गाड्यांच्या चाकोऱ्या उमटलेल्या आहेत. एका बाजूनं बसून तिरक्या नजरेनं पाहिलं तर खोली कळते; वरून पाहिलं तर काचेतलं दिव्याचं प्रतिबिंबच दिसतं.

दुपारी छोटा पॅगोडा, ७०७ चा. तो आन्रन पेठेत आणि त्याचं मंदिर रस्त्यापलीकडच्या खायहुआ पेठेत होतं. एकाच संस्थेचे दोन भाग दोन भिंतींत. मग मोठा पॅगोडा, जिन्छांग पेठेतला, ६५२ मध्ये सुरू झालेला. तो ह्युएन त्संगनं आणलेल्या ग्रंथांसाठी बांधला गेला. हा तोच भिक्षू, जो दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या माणसांच्या मानीपणाबद्दल लिहून गेला. ६४५ मध्ये तो परतला ते याच शहरात.

मोठ्या पॅगोड्यापासून दक्षिणेला वीस मिनिटं चाला. आज तिथं मॉल आणि रोषणाई आहे. तांग काळात या दक्षिणेकडच्या चार ओळींमधल्या पेठांत घरं तुरळक होती आणि भिंतींच्या आत शेतं नांगरली जात. आखणी लोकसंख्येच्या फार पुढे धावली होती आणि जवळजवळ तीनशे वर्षांत ती जागा भरलीच नाही. रिकाम्या भिंतींना राखण मात्र रोज लागत होती.

तिसरा दिवस, सोमवार. गाडीत

शीआन उत्तर स्टेशनवरून कायफंग उत्तरला थेट वेगवान गाड्या आहेत, तीन तासांच्या आतबाहेर. थेट नाही मिळाली तर झेंगचौ पूर्वला बदला, तिथून कायफंग जवळ आहे. पासपोर्टवाल्यांनी स्वयंचलित फाटकाशी झटापट करू नये, कडेला माणूस बसलेली खिडकी असते तिथून जावं. फाटक गाडीच्या काही मिनिटं आधी बंद होतं, त्यामुळे पाऊण तास हाताशी ठेवा.

संध्याकाळी कायफंगच्या नगारघराजवळचा रात्रबाजार. बदामाचा चहा घ्या. मोठ्या तांब्याच्या किटलीतून उकळतं पाणी पिठावर ओततात, घट्ट लापशीसारखा होतो. रात्री अकराला रस्त्यावर उभं राहून खाणं ही गोष्ट या शहरानं मिळवलेली आहे. कशी, ते उद्या.

चौथा दिवस, मंगळवार. कायफंग: शहराखाली शहर

उत्तर सोंग राजवटीची (९६० ते ११२७) ही राजधानी. छांग-आनसारखी कोऱ्या पाटीवर आखलेली नव्हे. व्यापारी गाव होतं, ते वाढवून राजधानी केलं. धान्य दक्षिणेकडून कालव्यानं यायचं, म्हणून राजा धान्याजवळ आला. जागा अपुरी पडली तेव्हा लोकांनी घरं रस्त्यावर सरकवायला सुरुवात केली. सोंगच्या आधीच्या सम्राटानं ९५६ मध्ये फार शहाणा हुकूम काढला: ५० बू रुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या घरांना पाच-पाच बू, आणि २५ ते ३० बू रुंद रस्त्यावर तीन-तीन बू जागा झाडं लावायला, विहीर खणायला, मांडव घालायला वापरू द्या. बू म्हणजे दोन पावलं, दीड मीटरच्या आसपास. साडेसात मीटर जागा कायदेशीर मिळाली की माणूस तिथं मांडव घालतो, मांडवाखाली माल ठेवतो, आणि भिंतीत दार पडतं. चिनी शहराच्या इतिहासात राजवाडे बांधणाऱ्या हुकुमांपेक्षा आम्हाला हा हुकूम मोठा वाटतो. नऊ वर्षांनी, ९६५ मध्ये, सोंग सम्राटानं रात्रबाजाराला तिसऱ्या प्रहराच्या नगाऱ्यापर्यंत मोकळीक दिली. पेठांच्या भिंती कुणी एका दिवसात पाडल्या नाहीत. त्यांची गरजच उरली नाही.

भिंती गेल्या की आग आणि चोरी यांचं काय? दर ३०० बूंवर पाच शिपायांची चौकी, आणि उंच जागी विटांचा मनोरा, त्यावर आगीचा पहारा. खाली बादल्या, शिड्या, आकडे, कुऱ्हाडी तयार.

त्या शहराचं चित्र आहे. चांग झेदुआन या चित्रकाराचं ‘छिंगमिंग’ नावानं ओळखलं जाणारं लांब गुंडाळीचित्र, २४.८ सेंटिमीटर उंच आणि सव्वापाच मीटरहून लांब. मूळ प्रत बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयात आहे, पण क्वचितच मांडतात, तेव्हा तिथं जाऊन निराश होऊ नका; चांगली छापील गुंडाळी कायफंगमध्येच घ्या आणि खोलीवर उलगडा. डावीकडून नव्हे, उजवीकडून. मधला लाकडी पूल बघा: खांब नाहीत, तुळया एकमेकींत विणून कमान केली आहे, कारण नावा खांबांवर आदळत. पुलावर दोन्ही कडांना छत्र्या लावून विक्रेते बसलेत आणि मधे वाट उरली आहे थोडीशी. पुढे वेस आहे, तिच्यातून उंट बाहेर पडतोय. आणि पेठेची भिंत पूर्ण चित्रात कुठेही नाही.

हे शहर आज पायाखाली आहे. पीत नदी गाळ टाकत टाकत स्वतःच्याच तळाला वर उचलते; बांधांमध्ये कोंडलेल्या नदीचा तळ आज शहराच्या जमिनीपेक्षा उंच आहे. बांध फुटला की शहर गाळाखाली. १६४२ मध्ये वेढ्याच्या काळात बांध फोडले गेले आणि मिंग शहर बुडालं. सोंग शहर साधारण आठ मीटर खाली, त्याच्यावर मिंग, त्याच्यावर छिंग, त्याच्यावर आपण. तरी मुख्य रस्त्याची रेषा हलली नाही; आजच्या चोंगशान रस्त्याखाली सोंगांचा राजमार्ग आहे. लोकांनी गाळ उपसला नाही, त्याच रेषेवर पुन्हा बांधलं.

सकाळी शुनथ्येनमन या सोंग शहराच्या वेशीचं उत्खनन-संग्रहालय बघा. खड्ड्याच्या कडेला मातीचे थर उभे कापून दाखवलेत: राखाडी राबता थर म्हणजे वस्ती, पिवळा बारीक थर म्हणजे पूर. पिवळा थर हातभर जाड दिसला की तो हंगाम कसा गेला असेल हे सांगावं लागत नाही. मग चौछ्याओ पुलाची जागा. पूल १९८४ मध्ये सापडला, मोठं उत्खनन २०१८ पासून, आणि २०२२ मध्ये काठाच्या दगडी भिंतीवर कोरलेले सोंग काळातले घोडे, बगळे आणि ढग जाहीर झाले. भिंत तीन मीटरहून उंच आहे. दुपारी लोखंडी पॅगोडा: लोखंडाचा नाही, तपकिरी झिलईच्या विटांचा, १०४९ चा, ५५.८८ मीटर. आधीचा लाकडी मनोरा विजेनं जळला म्हणून हा विटांचा. पायथा गाळात गेलेला आहे. छिंगमिंगच्या चित्रावर बेतलेलं मनोरंजन उद्यान सहलवाले गळ्यात घालतात. एकच दिवस असेल तर तो तिथं खर्चू नका.

संध्याकाळची गाडी धरून बीजिंग.

पाचवा दिवस, बुधवार. बीजिंग: कणा

राजवाड्याचं तिकीट सात दिवस आधी ऑनलाइन सुटतं आणि झपाट्यानं संपतं. प्रवेशद्वारावर खिडकी नाही असंच समजा. थ्येनआनमन चौकासाठीही वेगळी नोंदणी लागते. ही दोन कामं शीआनला निघण्याआधीच उरकून ठेवा.

बीजिंगचा कणा, म्हणजे शहराच्या मधोमध आखलेली दक्षिणोत्तर रेषा, ७.८ किलोमीटर: दक्षिणेला योंगदिंगमन, उत्तरेला नगारघर आणि घंटाघर. जुलै २०२४ मध्ये तो जागतिक वारसा झाला. दक्षिणेकडून उत्तरेकडेच चाला. योंगदिंगमन १९५७ मध्ये पाडलं आणि २००४ मध्ये पुन्हा बांधलं, तेव्हा तिथल्या विटांत जुनेपण शोधू नका; तिथं उभं राहून फक्त रेषा बघायची.

या आखणीमागे ‘खाओगोंगजी’ या प्राचीन ग्रंथातला एक परिच्छेद आहे: शहर चौरस, बाजू नऊ ली (लांबीचं जुनं माप), प्रत्येक बाजूला तीन वेशी, नऊ उभे नऊ आडवे रस्ते, डावीकडे पूर्वजांचं मंदिर, उजवीकडे भूमीची वेदी, पुढे दरबार, मागे बाजार. इथं वाचक हमखास चुकतो. राजा दक्षिणेला तोंड करून बसतो, म्हणून त्याचं डावं म्हणजे पूर्व. नकाशात पूर्व उजवीकडे असल्यानं सगळं उलटं वाटतं. थ्येनआनमनच्या पूर्वेला पूर्वजांचं मंदिर आहे, पश्चिमेला चोंगशान उद्यानात भूमीची वेदी. वेदीवर पाच रंगांची माती: मधे पिवळी, पूर्वेला हिरवट-निळी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पांढरी, उत्तरेला काळी. बहुतेक लोक राजवाड्याच्या घाईत हे चुकवतात. अर्धा तास द्या.

ग्रंथ पाळला किती? युआन राजवटीच्या दादू शहरात (१२६७ पासून, आखणी ल्यू बिंगचोंग यांची) वेशी बारा हव्या होत्या, केल्या अकरा. बाजार खरोखर मागे, उत्तरेला, सरोवराच्या काठी होता, कारण ग्वो शौजिंग यांनी १२९३ पर्यंत कालवा पूर्ण करून धान्याच्या नावा तिथवर आणल्या. मिंग काळात नावा शहराबाहेरच थांबायला लागल्या आणि बाजार दक्षिणेला, छ्येनमन या वेशीबाहेर सरकला. ग्रंथातलं ‘मागे बाजार’ व्यापाऱ्यांनी ‘पुढे बाजार’ करून टाकलं. छ्येनमनबाहेर यांगमेइचू ही तिरकी गल्ली नक्की चाला. नैर्ऋत्येच्या, युआनच्या आधीच्या जुन्या शहरातून ईशान्येच्या नव्या शहराकडे जाणाऱ्यांच्या पायवाटा होत्या, त्याच गल्ल्या झाल्या.

१५५३ मध्ये बाहेरचा तट सुरू केला तो चारही बाजूंनी वेढायचा होता. पैसे पुरले नाहीत. दक्षिणेची बाजू झाली आणि काम तिथंच थांबलं. म्हणून जुन्या नकाशात बीजिंग टोपी घातल्यासारखं दिसतं.

राजवाडा ९६१ गुणिले ७५३ मीटर. दक्षिणेच्या वूमनमधून आत, उत्तरेच्या शनवूमनमधून बाहेर. बाहेर पडल्यावर समोर जिंगशान टेकडी, जुन्या बांधकामाची आणि खंदकाची माती घालून केलेली. दुपारी साडेतीन-चारला चढा; ऊन पश्चिमेकडून येतं आणि छपरांच्या सावल्यांमुळे कणा उठून दिसतो.

सहावा दिवस, गुरुवार. बीजिंग: गल्ली आणि वाडा

दादूचे रस्ते मापानं आखलेले: मोठा २४ बू, छोटा १२ बू, आणि हुतोंग त्याच प्रमाणात सहा बू. म्हणजे साधारण ३७, १८ आणि ९ मीटर. नानल्वोग्यू गल्ली सकाळी आठच्या आत गाठा, दहानंतर तिथं चालता येत नाही. मधली गल्ली ७८७ मीटर, दोन्ही अंगांना आठ-आठ हुतोंग, गोमेच्या पायांसारखे. एका हुतोंगपासून पुढच्यापर्यंत पावलं मोजा, शंभराच्या आसपास भरतील. म्हणजे साधारण ७७ मीटर, आणि हा सातशे वर्षांपूर्वीचा आकडा आहे. १२८५ च्या हुकुमानं जुन्या शहरातून येणाऱ्या कुटुंबाला आठ मू जागा मिळायची, एक एकराहून थोडी जास्त, आणि ती या दोन गल्ल्यांमध्ये बसवायची. पुढे वाटण्या होत गेल्या, घरं लहान झाली, पण गल्ल्या तिथंच राहिल्या.

चौसोपी वाड्याला इथं सहयुआन म्हणतात. हुतोंग पूर्व-पश्चिम, घर दक्षिणाभिमुख. गल्लीच्या उत्तरेकडच्या घराचं दार आग्नेय कोपऱ्यात असतं, दक्षिणेकडच्या घराचं वायव्येला. दारातून आत पाहिलं तर समोर आडवी भिंत लागते, अंगण दिसत नाही. मग डावीकडे वळून पहिला अरुंद चौक, त्यात पाहुण्यांच्या आणि नोकरांच्या खोल्या. पुढे नक्षीचं मधलं दार, आणि मग मोठा चौक. उत्तरेचं घर वडीलधाऱ्यांचं, पूर्व-पश्चिमेच्या सोप्यांत मुलं. घरातल्या बायका पाहुण्यांसमोर मधलं दार ओलांडत नसत.

आत जायला मिळत नाही, तेव्हा दार वाचायला शिका. तीन गोष्टी बघा. फळ्या किती आत बसवल्यात: छपराच्या कण्याखालच्या खांबांच्या रेषेत असतील, म्हणजे बाहेर ओसरीइतकी खोली असेल, तर अधिकाऱ्याचं घर, फळ्यांच्या दोन्ही बाजूंना विटांची भिंत घालून दार चिंचोळं केलं असेल तर साध्या माणसाचं, पण पैसेवाल्याचं, कारण विटांवर कोरीवकाम मनसोक्त असतं. दुसरं, चौकटीच्या वर पुढे आलेल्या लाकडी खुंट्या: चार म्हणजे वरचा दर्जा, दोन म्हणजे खालचा. तिसरं, उंबऱ्याजवळचे दगड: ढोलासारखे गोल की पेटीसारखे चौकोनी. उंबरा आणि दाराची फिरकी त्याच दगडात बसते. बाहेर नक्षी दिसते, आत बिजागरीचं काम चाललेलं असतं.

आज एका दारावर दहा-बारा वीजमीटर दिसतील. १९४९ नंतर एका वाड्यात अनेक कुटुंबं आली. २८ जुलै १९७६ च्या थांगशान भूकंपानंतर लोकांनी चौकात तात्पुरते निवारे घातले, तेच पुढे विटांचे झाले, स्वयंपाकघरं झाली, आणि चौकाचा एका माणसापुरता बोळ उरला. घरात संडास नाहीत, म्हणून दर थोड्या अंतरावर सार्वजनिक. सकाळी सातला तिथल्या रांगेत गल्लीतल्या सगळ्या बातम्या फिरतात. जवळच्या ज्यूअर हुतोंगात वास्तुरचनाकार वू ल्यांगयोंग यांनी १९९० च्या सुमारास तीन मजली घरं चौकाभोवती रचली: प्रत्येक घराला स्वतःचा संडास, आणि मधलं झाड तसंच. गर्दीचं घर सुधारायचं तर वाडा पाडावाच लागतो असं नाही, हे तिथं पटतं.

दुपारी नगारघर. रात्रीचे पाच भाग, आणि ठोक्यांचा मेळ असा: अठरा जलद, अठरा संथ, अठरा मध्यम, हे दोनदा, एकूण १०८. जिना अंधारा आणि खडा आहे, उतरताना कठडा धरा. वर एक जुना फाटका नगारा आहे, १९०० मध्ये परकीय सैन्यानं संगिनींनी भोसकलेला. समोरचं घंटाघर आगीनंतर १७४५ मध्ये दगड-विटांत बांधायला घेतलं. आतली घंटा ६३ टनांची. १९२४ मध्ये शेवटच्या सम्राटाला राजवाड्यातून काढलं, तेव्हापासून वेळ सांगणं थांबलं.

सातवा दिवस, शुक्रवार. बीजिंग: तटाच्या जागी भुयार

आग्नेय कोपऱ्याच्या बुरुजापासून सुरू करा, १४३९ चा, १४४ बाणखिडक्यांचा. तिथून पश्चिमेला दीड किलोमीटर उरलेला तट आहे. बाकीचा गेला. १९५० मध्ये ल्यांग स्सछंग आणि छन चानश्यांग या वास्तुरचनाकारांनी सरकारी कचेऱ्या जुन्या शहराच्या पश्चिमेला बाहेर बांधाव्यात असा आराखडा दिला होता. तो नाकारला गेला. १९६५ मध्ये भुयारी रेल्वेचं काम सुरू झालं. वरून खणून मग झाकायचं, अशी पद्धत. तटाखालून खणलं तर लोकांची घरं हलवावी लागत नाहीत, म्हणून तटच काढला. १९६९ मध्ये शीजिमन पाडताना त्याच्या पोटात युआन काळची वेस सापडली, १३५८ ची. तीही पाडली. पुढे हा दीड किलोमीटरचा तुकडा दुरुस्त करायला घेतला तेव्हा लोकांनी घरांत, चुलींत, पडवीत लावलेल्या तटाच्या विटा काढून आणून दिल्या. नव्या आणि जुन्या विटांचा सांधा भिंतीत शोधला तर सापडतो.

छोंगवनमनला मेट्रोच्या २ नंबर मार्गात बसा, बीजिंग स्टेशनच्या दिशेची गाडी. मोठा भाग जुन्या तटाच्या रेषेवरून जातो. स्टेशनांची नावं ऐका. मन म्हणजे वेस. छोंगवनमनला दारूवरचा जकातनाका होता. छाओयांगमनमधून धान्य यायचं, दोंगजिमनमधून लाकूड, शीजिमनमधून राजवाड्याचं झऱ्याचं पाणी. फूछंगमनमधून पश्चिमेच्या डोंगरातला कोळसा यायचा, म्हणून वेशीवर मेइचं फूल कोरलं होतं. फुलाचा आणि कोळशाचा उच्चार एकच. ज्यानगुओमन आणि फूशिंगमन मात्र वेशी नव्हेत, तटाला विसाव्या शतकात पाडलेली भगदाडं आहेत.

फूछंगमनला उतरा. पांढरा स्तूप नेपाळच्या अरनिको या कारागिरानं १२७१ ते १२७९ मध्ये उभारला. त्याच्याजवळच, छपरांमधून अचानक, आठ मजली फूस्वेइजिंग इमारत वर येते. १९५८ नंतरच्या सामूहिक जीवनाच्या काळातली: घराघरात स्वयंपाकघर नव्हतं, सगळ्यांनी सार्वजनिक भोजनगृहात जेवायचं. माणसं राहायला आली आणि चुली दाराबाहेर मार्गिकेत मांडल्या गेल्या.

संध्याकाळी दुसऱ्या रिंगरस्त्याबाहेर कुठल्याही निवासी संकुलाला चक्कर मारा. भिंत किंवा जाळी, दोन-तीन फाटकं, पहारेकरी, रात्री एकच फाटक उघडं. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं नवी संकुलं बंदिस्त बांधू नयेत आणि जुनी हळूहळू खुली करावीत असं मार्गदर्शन जाहीर केलं, तेव्हा रहिवाशांनीच मोठा विरोध केला. आतल्या रस्त्यांचे आणि बागांचे पैसे आपण दिलेत, असं त्यांचं म्हणणं. बाहेरून एक बाजू पावलांनी मोजा. चारशे-पाचशे मीटर भरते, छांग-आनच्या छोट्या पेठेएवढी.